सातव्या हशाला उठणारा मेलेला बाप

नाटकमंडळीत त्यांना सगळे मढेकाका म्हणत. बावीस वर्षं एकच काम: पोरांची नियत बघायला मेल्याचं सोंग घेणारा बाप. चादरीखाली निपचित पडायचं, दोघं लेक वाटणीवरून भांडत असताना प्रेक्षकांचे हशे मोजायचे आणि सातवा हशा ओसरला की ताडकन उठून धाकट्याच्या पाठीत काठी घालायची. शब्दांकडे लक्ष द्यायची गरजच कधी पडली नाही.

आता त्याच नाटकाचा सिनेमा निघाला. काकांनी खाट धरली, कॅमेरा सुरू झाला. कोण हसणार? सगळे तोंडं मिटून उभे. काका उठेचनात.

"काका, झोप लागली का?" दिग्दर्शक ओरडला.

"हसलं कुठं कोण?"

दुसऱ्या वेळी कुणीतरी खाकरलं, त्यालाच हशा समजून काका आधीच उठले. दिग्दर्शकानं हात जोडले. "आता शेवटचं. थोरला 'पकड आण' म्हणाला की उठायचं. नाही जमलं तर दुसरा बाप बघतो."

म्हातारपणी पहिल्यांदा पडद्यावर दिसायची संधी. काकांनी कान टवकारले.

थोरला म्हणाला, "सोन्याचा दात आहे म्हाताऱ्याला, आधी तो काढू." इथं थिएटर दणाणायचं, पुढचं काही ऐकूच यायचं नाही. आज ऐकू आलं. धाकटा म्हणत होता, "दात राहू दे, दादा. तोंड बसलेलं बरं नाही दिसायचं बाबांचं."

"चल, पकड आण!"

काका वेळेवर उठले. काठी उगारली अन् ती वरच राहिली.

"कट! मारा ना!"

"ह्याला कशाला? हा तर नको म्हणतोय." काका धाकट्याकडे वळले. "हे वाक्य कधी घातलंस रे?"

"पहिल्या प्रयोगापासून आहे, काका. बावीस वर्षं हेच बोलतोय आणि मार खातोय."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

दिग्दर्शकानं संहिता उलटीपालटी केली. "लिहिलंय खरं, धाकट्याला मारतो. का, ते नाही लिहिलेलं." थोरला म्हणाला, "लोक हसतात म्हणून." पण आता लोक कुठं होते?

"ते जाऊ द्या," दिग्दर्शक वैतागला. "वेळेवर उठलात, काम तुमचंच. काठी कुणाला घालायची ते तुम्हीच ठरवा, पण लवकर. उजेड चाललाय."

काका काठी उगारून एकदा ह्या लेकाकडे, एकदा त्या लेकाकडे बघत राहिले. दोघेही एकेक पाऊल मागं सरले.