सखुबाईंचा संप

आमच्या छत्रीबाग मोहल्ल्यात सखुबाईंच्या हातचं न्हायलं नाही असं पोर शोधून दाखवा. वय पासष्ट, मनगटं पहिलवानाची, आणि तोंडाला तर लगामच नाही. तान्ह्या बाळाला आणि त्याच्या आजोबाला एकाच मापात झापतात. मी तीस वर्षं शाळेत पोरांना धाक घातला, पण ह्या आल्या की माझी बोलती बंद.

माझ्या निशांतला मुलगा झाला, तशा सखुबाई रोज सकाळी पाटावर पाय पसरून बसायला लागल्या. तेल, धुरी, हसणं-खिदळणं, घरात नुसता धुमाकूळ. फक्त सूनबाई, मधुरिमा, रडायची. पहिला हफ्ता म्हटलं ठीक आहे, सगळ्याच रडतात. पण महिना होत आला तरी तेच. भूक नाही, झोप नाही, बाळ रडलं तर भिंतीकडे बघत बसायची.

मग काय, आमचे इलाज सुरू. मी दृष्ट काढताना मिरच्या इतक्या जाळल्या की शेजारचे भिया, म्हणजे इकडचे भैयाजी, खोकत आले, "आंटीजी, कुछ जल रहा है क्या?" वारं लागू नये म्हणून निशांतने बिचारीच्या कानात कापूस कोंबला. आणि डिंकाचे लाडू! ती रडली की लाडू, गप्प बसली की लाडू.

एका सकाळी पाठ चोळून घेताना मधुरिमा म्हणाली, "मावशी, मला बाळाबद्दल काहीच वाटत नाही. मी नसलेलीच बरी."

सखुबाईंनी हात धुतले, बाहेर येऊन मला शब्द न् शब्द सांगितला. वर म्हणाल्या, "हिला डॉक्टरकडे न्या. तोवर मी पोराला हात नाही लावणार."

"अहो, सव्वा महिना व्हायचाय. बाळंतीण उंबरा ओलांडते का कुठे?"

"मग घाला तुम्हीच न्हाऊ," म्हणून त्या चहाचा कप घेऊन दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसल्या.

आता माझी फजिती ऐका. मी पाटावर बसले, तर उजवा गुडघा सरळच होईना. तेल लावलेलं बाळ हातातून सटकतंय. निशांत मोबाइलवर न्हाऊ घालायचा व्हिडिओ धरून उभा, तर बाळाने नेमकी मोबाइलवरच धार सोडली. दचकून मी तांब्या ओतला तो स्वतःवर. ओट्यावरून आवाज आला, "वहिनी, अंघोळ कोणाची चाललीये?"

आम्ही मायलेक पोट धरून हसलो. आणि वर बघते तर दारात मधुरिमा. चेहरा अगदी कोरा. आमच्यावर चिडलीसुद्धा नव्हती. मला भीती वाटली. ओल्या पातळानेच म्हटलं, "निशांत, रिक्षा बोलाव."

तुकोगंजच्या डॉक्टरबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हे डिप्रेशन आहे, बाळंतपणानंतर होतं. आजार आहे, तिचा दोष नाही. औषधाने, बोलण्याने बरा होतो. सध्या हिला एकटं सोडू नका." मग मला विचारलं, "घरात आधी कोणाला असं झालं होतं?"

"छे," मी म्हटलं.

आमच्याबरोबर रिक्षातून आलेल्या सखुबाई न विचारताच आत येऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "खोटं काहून बोलता वहिनी? निशांतच्या टाइमाला तुम्हीपण मला हेच बोलला होतात. मी चूप राहिले. आज नाही राहणार."

माझ्या डोळ्यांना धार लागली. "हो," मी म्हणाले, "मलाही झालं होतं."

मधुरिमाने मान वर करून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.