टोपीवाल्या पोराची कूस

सिद्धलिंग लातुरात डाउट सर होता. ज्यांना लातूर ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, इथल्या क्लासमध्ये एक सर शिकवून जातो आणि तो काय शिकवून गेला ते दुसरा सर सांगतो. हा दुसरा म्हणजे डाउट सर. पोरं वहीवर बोट ठेवून रांगेत उभी राहतात, "सर, हे वजाचं चिन्ह कुठून आलं?" म्हणतात, आणि सिद्धलिंग दिवसभर वजाची चिन्हं कुठून आली ते सांगत बसतो. वय सत्तावीस, गाव मुरुड. डॉक्टरकीची परीक्षा त्यानं तीनदा दिली. तिसऱ्यांदा क्लासवालेच म्हणाले, बाकावर बसून बसून कंटाळला असशील, आता टेबलाच्या अलीकडं ये.

पण ही झाली पोटाची ओळख. मनानं तो समीक्षक होता. 'सिद्धूचा चष्मा' नावाच्या चॅनेलवर तो जपानी अ‍ॅनिमेवर मराठीत बोलायचा. कुणी 'कार्टून' म्हटलं की त्याचा चेहरा भाकरी करपल्यासारखा व्हायचा. सगळ्यात लाडकी मालिका 'सातशे दिवे'. त्यात पोरं डोक्याला टोपीसारखं एक यंत्र लावून खेळात शिरतात आणि आतच अडकतात. एका बंदरावरच्या शहरातले सातशे दिवे पेटल्याशिवाय कुणालाच बाहेर पडता येत नाही. शरीर बाहेर दवाखान्यात, जीव आत शहरात.

या मालिकेवर त्यानं बावीस मिनिटांचा व्हिडिओ केला. चांगलं काय आणि पडेल काय. चांगलं म्हणजे ते शहर. मासळीबाजारातल्या बाईचा आवाजसुद्धा भागागणिक बसत जातो, तिसऱ्या भागात फुटलेली कौलं नवव्या भागात कुणीतरी शाकारलेली दिसतात. बघणारा आत ओढला जातो, आजूबाजूचं जग पुसलं जातं. पडेल म्हणजे नायक. तो हरतच नाही. भेटेल ती पोरगी दुसऱ्या मिनिटाला लाजते, आणि खलनायक शेवटी इतकं लांबलचक भाषण करतो की गावच्या सरपंचानं शिकवणी लावावी. इथवर सगळं ठीक होतं. मग त्यानं तो आवाज लावला.

आवाज त्याच्या वडिलांचा होता. रामलिंग आप्पांना मुरुडला तीन एकर, दोन म्हशी आणि पोरानं दिलेला जुना मोबाइल. तीन वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून घरात एकटेच. गेल्या पावसाळ्यात त्यांनी फोन करून विचारलं होतं, "तू बघतोस ती टोपीची मालिका कुठं लागती?" सिद्धलिंगनं हसत लिंक पाठवली. आप्पांना जपानी येत नव्हती, खालची इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती, तरी त्यांनी चोवीसच्या चोवीस भाग पाहिले. आणि दर भागानंतर व्हॉइस मेसेज. त्यातलाच एक सिद्धलिंगनं व्हिडिओत घातला, मागं ढोलकी आणि पिपाणी लावून:

"सिद्धा, ते टोपीवालं पोरगं दोन वर्सं झोपून हाय म्हनलास तू. त्याची कूस कोन बदलायलंय? सारकं उताणं ठिवलं तर पाठ सडती. आन् टाचा. टाचंखाली उशी पायजे. कुनीच दाखवत न्हाई."

वर सिद्धलिंगची टिप्पणी, "हे आमचे गावाकडचे ज्येष्ठ समीक्षक. जग वाचायला निघालंय, यांना टाचेची काळजी."

बावीस मिनिटांतली ही वीस सेकंदंच लोकांनी कापून घेतली. टाचंखाली उशी पायजे. एका दिवसात मुरुड, लातूर, पार हिमायतनगरपर्यंतच्या ग्रुपांवर फिरली. परीक्षेत नापास झालेल्याला पोरं म्हणू लागली, टाचंखाली उशी ठेव. क्लासमधल्या रांगेतही कुणीतरी पुटपुटलं. सिद्धलिंग खुशीत होता. चॅनेलचे सबस्क्रायबर सहा हजारांचे अकरा हजार झाले होते.

तिसऱ्या दिवशी त्यानं खालच्या प्रतिक्रिया वाचायला घेतल्या. हसऱ्या तोंडांच्या रांगेत एक साधी ओळ होती. दीपमाला नावाची कुणी, नांदेडला नर्स. "काका बरोबर बोलतात. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. काका कुणाच्या तरी उशाशी बसलेले दिसतात."

सिद्धलिंगनं मोबाइल पालथा ठेवला. समोर एक पोरगी वही धरून उभी होती. तिला तो म्हणाला, "उद्या ये."

तीन वर्षांपूर्वी आई, गोदावरीबाई, धर्माबादला माहेरच्या लग्नात कोसळली होती. मेंदूत रक्तस्राव. तिथून नांदेड. एकोणीस दिवस ती डोळे मिटून पडून होती आणि आप्पा त्या खोलीतून हलले नव्हते. एकटेच तिची कूस बदलायचे. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, तोंडानं "चल गोदे, वळ." आणि सिद्धलिंग कुठं होता? दारात होता. म्हणजे दाराबाहेरच्या बाकड्यावर, कानात वायर घालून. आईच्या नाकातली नळी बघवत नव्हती म्हणून त्यानं तिथं एक मालिका लावली होती. आजूबाजूचं जग पुसून टाकणारी. तिचं नाव काय, हे आता सांगायला नको.

व्हिडिओ त्यानं त्याच दिवशी उडवला. पण कापलेली वीस सेकंदं काही त्याच्या ताब्यात नव्हती. ती बेल वाटणाऱ्या गुरवासारखी घरोघर हिंडत होती. आप्पांपर्यंत पोचली का, एवढंच त्याला कळत नव्हतं. फोन करून विचारायचं म्हटलं तर तोंडात पहिला शब्दच येईना. दुसऱ्यांचे डाउट फोडणारा माणूस स्वतःच्या एका प्रश्नावर आठ दिवस बोट ठेवून बसला. आप्पांचे मेसेजही थांबले होते. पोचली असणार. किंवा मालिका संपली म्हणून थांबले असतील, दुसरं बोलायला त्यानं काही ठेवलंच नव्हतं. तो दोन्ही उत्तरं आलटून पालटून तपासत राहिला आणि दोन्हींत खोट त्याचीच निघत होती.

तेवढ्यात वेळ अमावस्या आली. त्या दिवशी लातुरात कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं. सगळा जिल्हा शेतात जेवायला जातो, ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात. न जाण्याची सोयच नाही. सिद्धलिंग पहिल्या गाडीनं मुरुडला उतरला, वाटेत पाठ केलेलं एक वाक्य घेऊन.

शेतात आप्पांनी कडब्याची खोप उभी केली होती. आत पांडव म्हणून चुना लावलेले पाच दगड, पुढं आंबिलीचं मडकं. भज्जी, म्हणजे दाण्यांची आणि पालेभाज्यांची मिसळ भाजी, शेजारच्या केवळाकाकूंनी केली होती, आंबील आप्पांनी स्वतः.

"पातळ झाली काय रं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई आप्पा. चांगलीय."

पातळ झाली होती. पाठ केलेलं वाक्य तो आंबिलीबरोबर गिळून बसला. पंगतीला दहा-बारा माणसं, आणि त्यांत चुलतभाऊ भुजंग. भुजंगला गप्प बसायचं कुणी शिकवलंच नव्हतं. खिरीवर दुसऱ्यांदा तूप घेताना तो म्हणाला, "आप्पा, तुमी तर लई फेमस झालाव. माझ्या दुकानात रोज एक तरी इचारतो, टाचंखाली उशी हाय का म्हनून."

दोघंतिघं हसले. केवळाकाकूंनी भुजंगच्या पानात न मागता भज्जी वाढली, आता खा गुमान अशी.

"हाव," आप्पा म्हणाले. "तूच दाखिवलास की मला, भुजंगा. मागं पिपाणी कशाला लावली ते तेवढं कळलं न्हाई."

आणि त्यांनी पुढच्या माणसाला खीर वाढली.

जेवणं झाली, माणसं बांधांबांधांनी पांगली. ऊन उतरायला लागलं तसं आप्पांनी लहान मडकं उचललं. आता शेताच्या कडेनं आंबील शिंपडत फिरायचं. एकानं पुढं शिंपडायचं, दुसऱ्यानं मागून, पीक उदंड येऊ दे म्हणून, पुकारा द्यायचा. मागून आई असायची. गेली तीन वर्षं आप्पा एकटेच फिरत होते, दोन्ही कामं करत. सिद्धलिंग दरवर्षी त्या वेळी खोपीत लवंडून मोबाइल बघत असे.

आज तो मागं चालू लागला. हरभऱ्याच्या कडेला आल्यावर म्हणाला, "आप्पा, ते पिपाणीचं. माझं चुकलं."

आप्पा शिंपडत राहिले.

"आन् आई दवाखान्यात होती तवा, मी बाहेर बसून तेच बघत होतो. तुमी एकटे तिला वळवत होतात आन् मी..."

"ठाऊक हाय," आप्पा म्हणाले. "दाराला काच होती की."

सिद्धलिंगचे पाय थांबले. आप्पांनी मागं वळून पाहिलं नाही, पण तेही थांबले.

"तिला वळवताना तोंड दाराकडंच यायचं माझं. रोज बघायचो. तू बसलेला, तोंडावर निळा उजेड, आन् हाक मारली तरी न्हाई. म्हनलं, आपलं पोरगं एकोणीस दिवस जाऊन बसलं होतं तरी कुठं, ते एकदा बघून यावं. म्हनून लावली ती मालिका."

त्यांनी मडकं या हातातून त्या हातात घेतलं.

"चांगलं गाव हाय. समुद्र, बाजार, समदं नीट. बाहेर नळ्या बघत बसण्यापरीस मी पन तिकडंच गेलो असतो. पन त्या गावात जायचं तर बाहेर कुनीतरी बसाया पायजे ना, टाचंखाली उशी घालाया. तेवढंच इचारलं मी तुला. लोक हसले, हसू दे. पन उत्तर कुनी दिलं न्हाई."

"एका नर्सनं दिलं," सिद्धलिंग म्हणाला. "दर दोन तासांनी."

"मंग बरोबर हाय," आप्पा म्हणाले. "मी पन दोन तासांनीच करायचो."

मालिकेत काय पडेल आहे याची त्यानं केवढी यादी केली होती. खरी पडेल गोष्ट आप्पांनीच दाखवली होती, आणि तिलाच त्यानं पिपाणी लावली होती.

आप्पा चालू लागले. आंबिलीचे थेंब गव्हावर पडत होते. आता पुकारा द्यायचा होता. सिद्धलिंगनं पुकारा दिला. आवाज निघाला तो पुढच्या माणसालाही कसाबसा ऐकू जाईल एवढा.

"मोठ्यानं," आप्पा पुढूनच म्हणाले. "व्हिडिओत तर लई येतो की आवाज."