टेम्पोतली जागा

महाडला सायकलने जायचं ठरलं, आणि आमच्या समितीने बायकांना टेम्पोत बसवलं. समतेची पत्रकं छापणारी हीच समिती! मी तावातावाने भांडलो. शेजारच्या मावशी भांडल्या नाहीत. कारखाना आणि घर सांभाळून सरावाला वेळ कुठला? म्हणून त्या सगळ्या चाळीचं दळण सायकलच्या कॅरियरला बांधून अंबरनाथहून थेट लांबच्या कॅम्प पाचच्या गिरणीत नेऊ लागल्या. तोच सराव.

"मावशी, खालची गिरणी बंद पडली काय?" पोरं चिडवायची.

"चालू आहे रे, पण लई जवळ आहे मेली!"

निघायच्या सकाळी अध्यक्ष म्हणाले, "ताई, टेम्पोत तुमची जागा ठेवलीय."

मावशींनी तिथे पिठाचा डबा ठेवला.

"ह्याला बसवा, साहेब. मी होते पुढे."

घोषणा राहिल्याच, आम्ही सगळे त्यांच्यामागे सुटलो!