काहीही न नेण्याची तयारी

जंगलात काहीही बरोबर न घेता जाण्यासाठी सगळ्यात जास्त तयारी करणारा माणूस आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. दादरला वाढलेले, इंग्रजी शाळेत शिकलेले हे आमचे शेजारी आता आनंदनगरच्या एका कारखान्यात नोकरीला आहेत आणि हेंद्रेपाड्यात राहतात. बारवी धरणाच्या वाटेवर त्यांच्या मित्राची मोकळी जागा आहे. तिथे तंबू नाही, स्टोव्ह नाही, काडेपेटीसुद्धा नाही, अशी एक रात्र काढायची, हा बेत गेली दोन वर्षं शिजतो आहे. "तंबू म्हणजे चीटिंग हो, भाऊ!" असं ते मला जिन्यात गाठून सांगतात. सवय व्हावी म्हणून एका दुपारी ते गच्चीवर पोतं अंथरून झोपले, तर वॉचमनने न ओळखता त्यांना हाकलायला काठी आपटली. गारगोट्या घासून तीन आठवडे ठिणगी पडली नाही. पडली ती नेमकी वहिनींनी देवासाठी वळून ठेवलेल्या वातींवर. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "आदिमानवांना विचारा, गॅसवरचा चहा चालेल का?" चालला.

हे मी हसत सांगतो आहे, पण या माणसाचा मला मनापासून हेवा वाटला. कारण माझे वडील. मुरबाडकडच्या खेड्यात त्यांचं आयुष्य रानात आणि दुसऱ्यांच्या शेतात गेलं. शाळा त्यांनी पाहिली नाही, पण मी मोळी उचलायला वाकलो की ओरडायचे, "ठेव ती. पुस्तक घे." त्यांच्यामुळे मी घराण्यातला पहिला पदवीधर झालो, आणि ते ऋण मी एक दिवसही विसरलेलो नाही. आमच्याकडे राहायला आल्यापासून ते गॅलरीत गप्प बसून असायचे. एका रविवारी शेजाऱ्यांनी सहज विचारलं, "काका, ओल्या लाकडाला आग कशी लावायची?" आणि वडील तासभर बोलले! मग दर रविवारी तेच. "वढ्याच्या काठाला निजू नको बाला, वर पाऊस झाला का पानी न सांगता येतं." 'बाळा' त्यांना! एकदा शेजाऱ्यांचा हात हातात धरून वडील वेलीची गाठ शिकवत होते, तेव्हा मी आत जाऊन दार आपटलं. चाळिशीतल्या माणसाला हे शोभत नाही, हे मला कळत होतं.

त्याच दिवशी जेवताना मी विचारलंच, "बाबा, मला हे कधी का नाही शिकवलंत?"

भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ते म्हणाले, "तुला येत असतं, तर तू तिथंच रायला असतास."



पुढच्या रविवारी शेजारी कोरी वही घेऊन आले. "भाऊ, काका बोलतात फास्ट, आणि माझं मराठी लिहिणं म्हणजे बोंब. तुम्ही लिहा ना प्लीज."

"वही नेणं म्हणजे चीटिंग नाही का?" मी खवचटपणे विचारलं.

"कागद झाडाचाच असतो, भाऊ," ते अगदी गंभीरपणे म्हणाले.

मी लिहायला बसलो. वडील सावकाश सांगू लागले, माझं लिहून होईल तसे थांबत थांबत. पळसाच्या पानांचा द्रोण कसा टाचायचा, इथपर्यंत आल्यावर म्हणाले, "वाच बरं, काय लिवलंस." मी वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, दोन ठिकाणी चुका काढल्या. आता ते शिकवत होते शेजाऱ्यांना नाही, मला.

सहल अजून गेलेली नाही. शेजारी तारीख ठरवू म्हणाले, की मीच म्हणतो, "एवढी घाई कशाला? मधाच्या पोळ्याचं विचारायचं राहिलंय." तो भला माणूस लगेच मान डोलावतो. बाबा हल्ली लवकर दमतात. एका रविवारी एखादीच गोष्ट सांगून होते, आणि शेजारी उठून गेले तरी मी वही मिटत नाही.