तळणाची कढई माळ्यावर टाकणाऱ्या प्रमिलाबाई

प्रमिलाबाई बारसागडे यांची आणि माझी पहिली भेट शाळेच्या स्वयंपाकघरात झाली. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नवी कार्यालये, नवे साहेब आणि भाड्याच्या खोलीसाठी सगळ्यांचीच धावपळ, अशा दिवसांत मी नाशिकहून इथल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला रुजू झाले. गृहविज्ञानाच्या बाई कुठे भेटतील असे विचारल्यावर शिपाईबाईंनी मागच्या खोलीकडे बोट दाखवले. आत निळ्या काठाचे सुती पातळ नेसलेल्या एक बाई एका हाताने स्टोव्हला पंप मारत होत्या, दुसऱ्या हाताने एका मुलीने भिजवलेली कणीक चाचपत होत्या आणि त्याच वेळी दुसऱ्याच मुलीला पालेभाजीतल्या जीवनसत्त्वांविषयी प्रश्न विचारत होत्या. मी नाव सांगितले. "बसा," त्या म्हणाल्या. पण खोलीतल्या एकुलत्या एका स्टुलावर पातेले ठेवलेले होते. मी उभीच राहिले. पुढे माझ्या लक्षात आले, की त्या खोलीत बसण्याची सोय कधीच नव्हती आणि बाईंना ती कधी जाणवलीही नव्हती.

बाई आता साठ वर्षांच्या होत आहेत. त्यानिमित्त होणाऱ्या सोहळ्यात निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या अध्यापनाविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्या घरातल्या ओट्यापाशी जे पाहिले, ते लिहिते.

मी आले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात बाईंचे यजमान नामदेवराव यांना हृदयविकाराचा झटका आला. नामदेवराव वनखात्याच्या लाकूड डेपोत नोकरीला होते. धिप्पाड, मोठ्याने हसणारे आणि खाण्याचे भारी शौकीन. त्यांचा सगळ्यात आवडता पदार्थ सांभारवडी. इकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. मसाला, तीळ, खोबरे घातलेली भरपूर कोथिंबीर बेसनाच्या पारीत गुंडाळायची आणि ती वडी तेलात बुडवून खमंग तळायची. डॉक्टरांनी तळण, तूप आणि साखरेवर बंदी आणली. दवाखान्यातून घरी आल्या आल्या बाईंनी तळणाची लोखंडी कढई माळ्यावर टाकली आणि दोन्ही वेळा बिनफोडणीच्या उकडलेल्या भाज्या ताटात वाढू लागल्या.

नामदेवरावांनी ताट सरकवले. "मी काय बकरी आहो का? हा पालापाचोळा मले नाई जमत. मेलो तरी चालन."

"तुमाले चालन," बाई म्हणाल्या, "मले नाई चालत."

वर्गात शुद्ध पुस्तकी मराठी बोलणाऱ्या बाई घरात अशा बोलत. त्या दिवशी मी तिथेच होते. आवाज न चढवता त्यांनी ताट पुन्हा नामदेवरावांपुढे सरकवले.

ते महिने बाईंनी कसे काढले हे शाळेतल्या आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तास चालू असताना त्यांची नजर फाटकाकडे असे. घरून कोणी निरोप घेऊन येते की काय, ही धाकधूक. मधल्या सुट्टीत त्या जवळजवळ पळत घरी जात, नामदेवराव नीट आहेत हे पाहत आणि उभ्या उभ्या पाणी पिऊन परत येत. नामदेवराव मात्र कधी अर्धपोटी उठत, तर कधी कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन गुपचूप भजी खाऊन येत. त्यांना भुकेने खंगू द्यायचे की तळणाने मरू द्यायचे, असा पेच बाईंपुढे होता. शिकवलेले सगळे आहारशास्त्र त्या ताटापुढे लंगडे पडले होते.

अशात भिलाईला नोकरीला असलेला त्यांचा मुलगा वडिलांना भेटायला आला आणि येताना फूड प्रोसेसर घेऊन आला. एकाच मोटरवर चिरणे, किसणे, वाटणे आणि कणीक मळणेसुद्धा. गल्लीतल्या बायका ते पाहायला आल्या. सगळ्यांनी त्याचे नाव 'मशीन' ठेवले आणि तेच रूढ झाले. बाईंनी पहिल्याच दिवशी त्यात सांभार टाकला आणि बटण दाबले. झाकण उघडून पाहतात तर हिरवा लगदा.

"वडी करून राह्यली होती ना?" नामदेवरावांनी डोकावून विचारले. "ही तं चटणी झाली."

दुसऱ्या दिवशी बाईंनी बटण दाबून लगेच सोडायचे, पुन्हा दाबायचे, पुन्हा सोडायचे, असे करून पाहिले. सांभार मोकळा, बारीक चिरला गेला. पारीचे पीठही मशीननेच मळले. मग वड्यांना वरून बोटाने जरासे तेल पुसले आणि काचेच्या झाकणाच्या गोल ओव्हनमध्ये त्या भाजायला ठेवल्या. वीज मध्येच गेली, आली तेव्हा दिवा मिणमिणत होता, आणि वड्या अशा कडक झाल्या की नामदेवराव म्हणाले, "अगोदर दात आणून दे, मंग खातो." पण ते हसले होते. आजारपणानंतर पहिल्यांदा. बाईंनी ते हसणे पाहिले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा मशीन लावले.

पारीत थोडे दही घालावे, म्हणजे ती मऊ राहते, हे त्यांना असेच चुकतमाकत सापडले. दुधी किसून कणकेत मळावा, फुटाण्याची डाळ आणि जवस एकत्र फिरवून चटणी करावी, मुगाचे पीठ आंबवून ओव्हनमध्ये ढोकळ्यासारखे फुलवावे, असे त्यांचे रोजचे प्रयोग सुरू झाले. फसलेला प्रयोग त्या स्वतः खात आणि जमलेला नामदेवरावांना वाढत. पाव मात्र काही केल्या फुगेना. तेव्हा त्या बाजारातल्या सत्तारभाईंच्या बेकरीत गेल्या.

"बाई, मैद्याशिवाय पाव फुलत नाई," सत्तारभाई म्हणाले. "आमच्या वालिदांनी नाई केला, मी नाई केला."

"मंग आपण दोघं करून पाहू," बाई म्हणाल्या.

सत्तारभाईंनी त्यांना खमीर दिले. घरच्या मिणमिणत्या ओव्हनपेक्षा आपली भट्टी बरी, असे म्हणून दुपारी टोस्ट निघाल्यावर निवत आलेल्या भट्टीत बाईंचे गव्हाचे आणि ज्वारीचे पाव ठेवायला जागाही दिली. बाई पीठ मशीनमध्ये मळून, ओल्या फडक्याखाली झाकून, डबा छातीशी धरून बेकरीत नेत. भट्टीचे तोंड उघडेपर्यंत त्या दारात येरझारा घालत आणि सत्तारभाई सांगत, "बाई, तुम्ही फिरल्यानं तो लवकर नाई फुलणार." पुढे त्यांचे पाव चांगले होऊ लागले. नामदेवरावांची कोपऱ्यावरच्या हॉटेलातली फेरीही हळूहळू थांबली.

माझ्यावर बाईंनी केलेल्या उपकारांपैकी एकच सांगते. पावसाळ्यात मला मलेरियाने गाठले. भाड्याच्या खोलीत मी एकटी, अन्नाचा वासही नको झालेला. बाई शाळा सुटल्यावर चिखल तुडवत आल्या. थर्मासमध्ये मूग आणि दुधी शिजवून, मशीनमध्ये गुळगुळीत वाटून केलेले पातळ सार होते. "चावायचं नाई, फक्त गिळ," त्या म्हणाल्या आणि घोटाघोटाने मला ते पाजले. मी बरी होईपर्यंत त्या रोज आल्या. खाटेच्या कडेला टेकण्याचा आग्रह मी रोज केला. पण तेवढ्या वेळात त्या खोली झाडत, कपडे वाळत घालत. त्यांच्या घरी आजारी माणूस वाट पाहत होता, हे मला ठाऊक होते. म्हणून मग मीही आग्रह सोडला.

आता जे लिहायचे त्याविषयी बाईंनी कधी तक्रार केली नाही. पण ते लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. बाई मशीन शाळेत आणून मुलींना शिकवू लागल्या होत्या. स्नेहसंमेलनासाठी त्यांनी मुलींकडून मोहफुलांचा केक करवून घेतला. वाळलेली मोहफुले निवडून, धुऊन, भिजवून मशीनमध्ये वाटायची. तो लगदा इतका गोड असतो की साखर लागत नाही. त्यात कणीक आणि दही घालून केक सत्तारभाईंच्या भट्टीत भाजला. सगळ्यांनी चवीने खाल्ला, आणि मग कोणीतरी विचारले, यात काय आहे.

दुसऱ्या दिवशी शाळा समितीच्या सचिवांनी बाईंना बोलावले. मीही सोबत गेले. "मोह म्हणजे दारू," सचिव म्हणाले. "शाळेत मुलींना दारूची चव लावता? पालक काय म्हणतील?"

"साहेब," बाई म्हणाल्या, "माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली पहाटे मोहफुलं वेचून मग शाळेत येतात. त्यांच्या घरात भाकरीसोबत ती उकडून खातात. मी त्यांच्या घरचं अन्न शाळेत आणलं. त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

"ते तुमचं तुमच्यापाशी ठेवा."

बाई दारापर्यंत जाऊन वळल्या. मग वर्गातली भाषा सोडून म्हणाल्या, "माह्यापाशीच तं ठेवून राह्यले होते आतापर्यंत. म्हणून तं ह्या पोरी डबा लपवून खातात."

स्वयंपाकघराला कुलूप लागले. बाईंनी मशीन रिक्षात घालून घरी नेले. वाटेत रस्त्यावरच्या खड्ड्यांत मशीन हादरू नये म्हणून त्याला धरून बसल्या होत्या. पुढच्या रविवारी त्यांच्या पडवीत मुली जमल्या. त्यांच्या आयाही आल्या. गोंड वाड्यातल्या, बौद्ध वस्तीतल्या, बाजारातल्या मुसलमान घरांतल्या. नामदेवराव खुर्चीत बसून चव घेत आणि निकाल सांगत. कालांतराने सचिव बदलले आणि कुलूप निघाले, पण पडवीतला रविवार बंद झाला नाही. बाईंच्या निवृत्तीनंतर तर तो वाढतच गेला.

गेल्या वर्षी, थंडी ओसरत असताना, नामदेवराव गेले. दुपारी जेवून पडवीत वर्तमानपत्र वाचत बसले होते, ते उठलेच नाहीत. भेटायला आलेल्यांपैकी एक जण, बाई ऐकत आहेत हे न पाहता, म्हणाले, "एवढं भाजलेलं-उकडलेलं खाऊ घातलं, तरी गेलेच ना. बिचाऱ्याले तळलेली वडी तरी खाऊ द्याची होती." बाईंनी मान वर केली नाही. मी त्यांच्या शेजारी होते.

काही दिवसांनी त्यांनी मला बोलावले. "हे मशीन तू घेऊन जा. मले त्याचा आवाज नको." मी नेले आणि पलंगाखाली ठेवले. ते वापरण्याचे धाडस मला झाले नाही. रविवारी पडवी रिकामी राहू लागली. बाई दिवसभर घरात फिरत. डबे उघडत, बंद करत. मी गेले की चहा करत आणि तो गॅसवर उतू जाईपर्यंत भिंतीकडे पाहत उभ्या राहत. मला त्यांच्याविषयी भीती वाटू लागली होती.

एका सकाळी मी तिथे असताना सत्तारभाई आले. त्यांच्या पत्नी खैरूनबी यांना मधुमेह निघाला होता. "डॉक्टरनं हे नको, ते नको सांगतलं आणि तिनं घाबरून खाणंच सोडलं," ते म्हणाले. "भट्टी माझी आहे बाई, पण घरात तिच्यासाठी एक घास नाई. काय द्यावं ते समजत नाई, अन् ती माझं ऐकत नाई. तुम्ही सांगा काई तरी."

बाईंनी हातातल्या डब्याचे झाकण लावले. मला वाटले, नाही म्हणतील. मग त्यांनी विचारले, "दात कसे आहेत तिचे?"

"मागचे नाईत."

बाई माझ्याकडे वळल्या. "जा, मशीन आण."

मी आणले. बाईंनी मुगाचे पीठ, मेथी आणि किसलेला दुधी एकत्र केला. बटणावर बोट ठेवले आणि थांबल्या. "मी याईले वाचवलं नाई," पडवीतल्या नामदेवरावांच्या खुर्चीकडे पाहत त्या मला म्हणाल्या. "पण होते तोवर चवीनं जेवले. तेवढं तं झालं ना?" मी हो म्हटले. दुसरे काय म्हणणार? त्यांनी बटण दाबले. दुपारी त्याच्या मऊ पोळ्या घेऊन त्या स्वतः खैरूनबींकडे गेल्या आणि खैरूनबींनी अर्धी पोळी खाल्ल्यावरच परतल्या. पुढच्या रविवारी पडवी पुन्हा भरली.

आता बाई हे सगळे शिकवायला भामरागडकडच्या गावांत जायचे म्हणतात. तिथे वीज नाही, हे मी सांगितले. "मंग पाटा घेऊ," त्या म्हणाल्या आणि निघण्याच्या तयारीला लागल्या.

या सोहळ्याला जमणाऱ्या सगळ्यांना मला एक गोष्ट सांगायची आहे. नामदेवराव गेल्यापासून बाईंना ताट वाढून घेऊन जेवताना मी पाहिलेले नाही. ओट्यापाशी उभ्याने, दुसऱ्यासाठी केलेल्यातला उरलेला तुकडा, एवढेच त्यांचे जेवण. ते पाहिले की मला घरी जाऊन घास गोड लागत नाही. बाईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे पाय असेच चालते राहोत, हात असेच घडवते राहोत, ही इच्छा आपण सगळेच करणार. पण समारंभाच्या दिवशी पंगत बसेल, तेव्हा त्यांना वाढायला उठू देऊ नका. पहिले पान त्यांचे मांडा, गरम वाढा, आणि त्यांचा शेवटचा घास होईपर्यंत आपल्यापैकी कोणीतरी त्यांच्या शेजारी बसून राहा.