दुसऱ्याच्या नवऱ्याची कावीळ

घाटकोपरच्या हॉस्पिटलात केमोला ह्यांच्या शेजारी बोरिवलीचे एक गृहस्थ असायचे. दोघांनाही स्वादुपिंडाचा कॅन्सर. त्यांची बायको कौतुकाने सांगायची, "आधी कावीळ झाली ना, सासूबाईंनी गावाहून काविळीची माळ आणून गळ्यात घातली. कावीळ उतरली की माळ लांबते म्हणतात. ती लांबेचना, म्हणून डॉक्टरकडे गेलो आणि हे निघालं." गाठ वेळेत सापडली, ऑपरेशन करून काढलीसुद्धा.

ह्यांची गाठ स्वादुपिंडाच्या शेपटाकडे. तिथल्या गाठीने सहसा कावीळ होत नाही, डॉक्टर म्हणाले. नुसती पाठ दुखायची आणि मी रोज तेल चोळत बसायचे. कळलं तेव्हा ती यकृतात पसरली होती. आता ऑपरेशन नाही.

त्या बाईला सगळं मिळालं, कावीळसुद्धा. नवऱ्याच्या शेवटच्या केमोला तिने पेढे वाटले. मी "छान झालं हो" म्हणाले आणि पेढा पिशवीत कोंबला.

घरी आल्यावर ह्यांना खिडकीशी उभं करून मी खालची पापणी ओढून पाहिली.

"काय बघतेस गं?"

"काही नाही."

डोळे पांढरेशुभ्र होते. तेव्हाही असेच होते, म्हणून तर आमच्याकडे कोणी घाबरलं नाही.