घोडदळाचा साहेब आणि आमची खंडेनवमी

लंडनजवळच्या आमच्या हाउन्सलोच्या इतिहास मंडळाच्या अध्यक्षांवर माझा राग आहे आणि तो सोडायचा माझा विचार नाही.

मेलेल्या माणसांची घरं रिकामी करून देण्याचा माझा धंदा होता. वारसांना पलंग-कपाटं नको असतात. मी ती व्हॅनमध्ये घालून दुकानात आणायचो आणि विकायचो. दोन हजार सालानंतरच्या एका हिवाळ्यात अशाच एका माळ्यावर व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका घोडदळ अधिकाऱ्याची तलवार आणि तसबीर सापडली. वारस म्हणाला, "सगळंच घेऊन जा." मी आधी नाक मुरडलं, मग घेतलं. नाक मुरडल्याशिवाय मी आजवर काहीही घेतलेलं नाही.

तसबीर घरी लावली तेव्हा बायको म्हणाली, "अहो, हा कोण मेला आणून टांगलात? सारखा माझ्या स्वयंपाकघराकडे बघतोय."

कोण ते मलाही शोधायचं होतं. दोन वर्षं दुकान बंद केलं की मी लायब्ररीत जाऊन बसायचो. जुनी वर्तमानपत्रं, सैन्याच्या जुन्या याद्या, जे मिळेल ते वाचलं. आणि गडी मला आवडायला लागला. बाप दारू गाळणारा. पोराला घोडदळात घालायचं म्हणून त्याने सरळ पद विकत घेतलं. त्या काळी तशीच पद्धत होती. कॉर्नेट म्हणजे सगळ्यांत खालचा अधिकारी, त्याचा दर वेगळा, लेफ्टनंटचा वेगळा, कॅप्टनचा वेगळा. सरकारी दर ठरलेला, पण त्या दराने कुणीच विकत नसे. मुंबईत खोलीला लागते तशी वरून पगडी द्यावी लागायची. हे वाचलं त्या संध्याकाळी मी लायब्ररीत एकटाच मोठ्याने हसलो आणि तिथल्या बाईंनी माझ्याकडे बघून बोट ओठांवर ठेवलं.

पुढे इथल्या छावणीतली ऐट त्याला परवडेना, तेव्हा त्याने दुसऱ्या एकाशी अदलाबदल करून हिंदुस्थानातली पलटण घेतली. कारण तिथे स्वस्ताई. तो गेला खडकीला. मी खडकीचा! तो हाउन्सलोहून खडकीला गेला आणि त्याला शिपाई, खानसामा, माळी मिळाला. मी खडकीहून हाउन्सलोला आलो आणि मला रात्रपाळी मिळाली. मोठी लढाई पेटली तेव्हा साहेबांना कावीळ. बरे झाले तेव्हा लढाई संपली. डुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून खांदा मोडला, ती एवढी एक जखम. तरीही सौदे करत करत कर्नल होऊन घरी आला, गुलाब लावले आणि वर्तमानपत्रांना तक्रारींची पत्रं लिहीत नव्वदीच्या घरात गेला.

अध्यक्षांना तलवारीचा पत्ता लागला तेव्हा ते दुकानात आले. मंडळाने या साहेबावर एक संध्याकाळ ठेवायची ठरवली. मी म्हटलं, "तलवार देतो. बोलणार मी."

ते गोड हसले. "तुमचा उत्साह फार मोलाचा आहे. पण आमच्या श्रोत्यांना एका विशिष्ट धाटणीच्या भाषणाची सवय आहे. ते मी करीन. तुम्ही तुमच्याकडचा काही फराळ आणलात तर?"

फराळ! दोन वर्षं डोळे मी फोडले आणि हा मला तळणीला बसवतो. तरी मी हो म्हटलं. तलवार बघून लोक मलाच विचारतील, मग बघू, असा हिशेब होता. पण त्यांनी आधी पाठवलेला भाषणाचा कागद वाचला आणि माझं डोकं फिरलं. त्यात साहेब तलवार उपसून शत्रूवर तुटून पडत होते.

कार्यक्रमाच्या दुपारी अध्यक्ष तलवार न्यायला घरी आले. बैठकीच्या खोलीत पाट मांडलेला. त्यावर माझं ड्रिल, पेचकस, व्हॅनच्या किल्ल्या, बायकोचं शिलाई मशीन, आणि मधोमध तलवार. सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडूची फुलं. त्या दिवशी खंडेनवमी होती, हे मी साफ विसरलो होतो.

मी हात पुढे केला. बायको ओरडली, "अहो! हात लावू नका. मांडलेली पूजा आहे, उद्या दसऱ्यालाच उचलायची."

"अगं, हॉलमध्ये लोक जमणारेत!"

"जमू देत. वर्षभर हत्यारं राबतात, एक दिवस पडली तर काय बिघडलं? आणि ह्यांना सांगा, बूट बाहेर."

मी तिच्यावर तडकलो, ती माझ्यावर तडकली. अध्यक्ष मोज्यांवर उभे. मी त्यांना सगळं समजावलं. ते म्हणाले, "पण सगळ्या पोस्टरवर तलवार आहे! थोडा वेळच तर..."

"नाही," बायको इंग्रजीत म्हणाली.

त्यांच्या कपाळावर घाम दिसला आणि माझा राग एकदम थंड झाला. समोरच्याला घाई असली की आपण चहा टाकावा. मी टाकला.

"तलवार तुमच्याकडे येणार नाही," मी म्हटलं. "पण हॉल इथून दोन गल्ल्यांवर आहे. लोक तलवारीकडे येतील. माझ्या घरात बोलणार मी."

"पाच मिनिटं तुम्ही, बाकी मी."

"तुम्ही स्वागत करा. बाकी मी."

"निदान समारोप?"

"चहा घ्या, गार होतोय."

त्यांनी घेतला.

संध्याकाळी वीसेक पेन्शनर मोज्यांवर माझ्या घरात दाटीवाटीने बसले. मी त्यांना बाप, पगडी, कावीळ, डुक्कर, सगळं सांगितलं. पद विकत घेण्याच्या भावावर तर एक आजोबा मांडी थोपटत हसले. एका आजींनी विचारलं, "मग या तलवारीने कुणाला मारलं तरी का हो?"

"लिंबं," मी म्हटलं. "धावत्या घोड्यावरून लिंबं कापायचा सराव असे. त्यात बक्षीस आहे त्याचं."

अध्यक्ष समारोपाला उठले, पण लोक तोवर ड्रिललाही कुंकू का, म्हणून बायकोभोवती जमले होते.

मंडळाच्या पुढच्या पत्रकात अध्यक्षांचंच भाषण छापून आलं, शत्रूवर तुटून पडण्यासकट. माझ्याबद्दल एक ओळ: "तलवार स्थानिक दुकानदाराच्या सौजन्याने." फोन करून मी काय बोललो ते इथे लिहीत नाही.

त्याच आठवड्यात त्या आजी माझ्या दुकानात आल्या, बरोबर दोन मैत्रिणी. मी म्हटलं, "काय दाखवू? फ्रीज? कपाट?"

"काही नको," त्या म्हणाल्या आणि विकायच्या सोफ्यावर ऐसपैस बसल्या. "ह्या दोघी त्या दिवशी नव्हत्या. कावीळ झाली तिथपासून सांगा."

बाहेर एक गिऱ्हाईक टेबलाचा भाव विचारत होतं. मी त्याला सांगितलं, "थांबा जरा," आणि खुर्ची ओढून बसलो.